पन्नासपैकी पन्नास

करसल्लागार परिषदेची दोन पत्रं एकाच सकाळी आली. एक माझ्या नावाचं, एक इर्शादभाईंच्या.

माझ्या पत्रात लिहिलं होतं की राज्यातल्या अडतीस हजार करसल्लागारांमध्ये सलग सहा वर्षं शिक्षणाचं एकही मिनिट न गमावलेला सभासद एकच आहे, सौ. त्रिशला मगदूम, सांगली, आणि परिषदेला त्यांचा अभिमान वाटतो. इर्शादभाईंच्या पत्रात अभिमानाचा विषय नव्हता. चालू वर्षाच्या तीस तासांपैकी त्यांचे अकराच जमा झाले होते. उरलेले एकोणीस डिसेंबरअखेर भरले नाहीत, तर एक जानेवारीपासून त्यांचा सहीचा हक्क थांबणार होता. सही नाही म्हणजे कुणाचं विवरणपत्र भरता येणार नाही, कुणाची बाजू घेऊन अधिकाऱ्यासमोर उभं राहता येणार नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने मग करायचं काय?

त्यांनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "ताई, आपल्या दोघांची सरासरी काढली तर आपण दोघंही नापास आहोत."

सांगलीच्या वखारभागात 'मुजावर आणि मगदूम' ही पाटी लागून तेव्हा बावीस वर्षं झाली होती. इर्शादभाई बोलके, वादाला कायम तयार. मी कमी बोलणारी. लोक समजत की ते पक्षकार आणतात आणि मी अभ्यास करते. खरं सांगायचं तर मीही तसंच समजत होते.

या तासांची हकिकत थोडी सांगायला हवी. कायदा दरवर्षी बदलतो, म्हणून करसल्लागाराने दरवर्षी शिकत राहायचं हा नियम जुनाच आहे. आमच्या तरुणपणी त्यासाठी सभागृहात जावं लागे. वहीत सही करायची, वडा-चहा घ्यायचा आणि मागच्या दाराने कामाला पळायचं. पुढे व्याख्यानं घरबसल्या सुरू झाली, तेव्हा पडद्यावर व्याख्याता बोलत असे आणि माणूस बाजारातून भाजी घेऊन येत असे. परिषदेने मग पट्टी आणली.

पट्टी कपाळाला बांधायची. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारे, तांबड्यापलीकडचे किरण हाडाच्या आत दोनेक सेंटिमीटर जातात आणि परत येताना मेंदूच्या कुठल्या भागात रक्त जास्त खेळतंय ते सांगतात. सोबत विजेच्या लहरी टिपणारे चार ठिपके असतात. आपण काही न करता बसलो तरी मेंदू रिकामा बसत नाही. कालचं बोलणं, उद्याचा स्वयंपाक, कोण काय म्हणालं, असं त्याचं हिंडणं चालूच राहतं, आणि या हिंडण्यासाठी मेंदूत काही भागांचं एक ठरलेलं जाळं आहे. माणूस एखाद्या गोष्टीत रमला की ते जाळं शांत होतं. पट्टी बघत असे ती एवढंच: जाळं शांत आहे की जागं आहे. शांत मिनिटं जमा, जागी मिनिटं वजा. एक तास म्हणजे पन्नास मिनिटांचं व्याख्यान, आणि त्यातली चाळीस मिनिटं जमा झाली तर तो तास तुमचा.

माझी पन्नासपैकी पन्नास येत. इर्शादभाईंची कधी सतरा, कधी बावीस; चाळीस क्वचितच. खरं तर पट्टी बांधून ते माझ्यापेक्षा ताठ बसत. पण व्याख्याता एक वाक्य बोलला की यांचं मन लगेच निघालं तासगावच्या बेदाणावाल्याकडे, तिथून माधवनगरच्या सूतगिरणीकडे. पट्टी म्हणे, भटकले. ते पट्टीला शिव्या घालत. माझ्यासमोर त्या अर्ध्यावर गिळत, एवढंच.

त्या पत्रानंतर आमच्या जैन समाजाने मंदिराच्या सभामंडपात माझा सत्कारही केला. शाल, श्रीफळ, आणि "एकाग्रता शिकावी तर त्रिशलाताईंकडून" असं अध्यक्षांचं भाषण. मी खाली बघत बसले. मनातून बरं वाटलं होतं, ते नाकारत नाही.

*

ऑक्टोबरात इर्शादभाईंच्या मुलीचं बाळंतपण होतं, म्हणून ते बारा दिवस हुबळीला गेले. त्याच दिवसांत शिवलिंग कोरे आले. त्यांचं हळदीचं शीतगृह आहे. शांत, नेमकं विचारणारा माणूस. शीतगृहात सहा महिन्यांहून जास्त राहिलेल्या मालाबद्दल नवीन पत्रक भरायचं आहे असं त्यांनी ऐकलं होतं. ते शीतगृहवाल्याने भरायचं की मालाच्या मालकाने, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

या विषयावरचं व्याख्यान मी आठच दिवसांपूर्वी ऐकलं होतं. पन्नासपैकी पन्नास.

मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. विसरलेल्या गोष्टीची निदान एक जागा तरी रिकामी जाणवते. इथे जागाही नव्हती. "बघून कळवते," असं म्हणून मी कोऱ्यांना निरोप दिला, परिपत्रक वाचलं, संध्याकाळच्या आत उत्तर दिलं. काम झालं.

दुसऱ्या दिवशी मी त्या व्याख्यानाची ध्वनिफीत पुन्हा लावली. पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं सगळं नवं. मग वर्षभराच्या अठ्ठावीस व्याख्यानांची यादी काढली आणि प्रत्येकापुढे मला काय आठवतं ते लिहीत गेले. जे आठवत होतं ते माझ्या कानात व्याख्यात्याच्या आवाजात येईना. ते इर्शादभाईंच्या आवाजात येत होतं. "ताई, हे कलम लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी बेदाणा बघितला नसणार." "ताई, हे असं धरलं तर सूतगिरणीवाला एकाच मालावर दोनदा अडकतो, मी सांगतो कसा." व्याख्यान असेल त्या दिवशी साडेदहाला ते यायचे, माझ्या टेबलाच्या कडेला टेकायचे आणि सकाळच्या व्याख्यानाशी भांडायचे. मी मान डोलवायची. मला वाटायचं, हे तर मी ऐकलंच आहे.

मग सकाळी सहा ते सहा पन्नास मी होते कुठे?

याचं उत्तर सापडायला फार शोधावं लागलं नाही. चोविसाव्या वर्षी मी महाराजांकडून रोज एका सामायिकाचा नियम घेतला होता. दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, पूर्वेकडे तोंड करून, सगळ्या जीवांविषयी समभाव ठेवून बसायचं. वेळ सकाळी सहाची. पंचवीस वर्षांत आजारपणातही तो चुकला नाही. पुढे परिषदेने व्याख्यानं सहाला ठेवली, करसल्लागार दिवसभर कामात असतात म्हणून. मी सामायिक पाचला घेतलं आणि सहाला त्याच आसनावर, त्याच दिशेला, पट्टी बांधून ऐकायला बसू लागले. नियम मोडला नाही म्हणून समाधानात होते. पण शरीराला कुणी सांगितलं नव्हतं की वेळ बदलली आहे. सहा वाजले, पाठ ताठ झाली, की मन आपलं आपण आत उतरत होतं. व्याख्याता कुठेतरी दूर, शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा. आणि पाचचं सामायिक? तिथे माझं लक्ष घड्याळाकडे असायचं, सहाचं व्याख्यान चुकेल म्हणून.

मी एकटीच होते कार्यालयात. हसू आलं आणि लाजही वाटली.

*

इर्शादभाई पेढे घेऊन परतले. नात झाली होती. पेढा मी माझ्या डब्यात ठेवला आणि त्यांना सगळं सांगितलं.

ते आधी खूप हसले. डोळे पुसत म्हणाले, सहा वर्षं मी तुमचे आकडे बघून पट्टीपुढे तोंड लहान करून बसतोय, आणि तुम्ही तिकडे मोक्षाच्या वाटेवर. मग त्यांचं हसणं थांबलं. मी त्यांच्याकडे दुसरं पत्र सरकवलं होतं, त्याच दिवशी आलेलं. पट्टी बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीच्या प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. वैजयंती कारखानीस सांगलीला येणार होत्या. माझ्या मेंदूचा आलेख त्यांना नीट टिपून घ्यायचा होता. जानेवारीपासून तो नमुना धरून राज्यातल्या सगळ्यांचं लक्ष मोजायचं, असं परिषदेने ठरवलं होतं.

"म्हणजे यापुढे मी तुमच्यासारखा दिसलो तरच शिकलो," इर्शादभाई म्हणाले.

मी म्हटलं, त्यांना खरं सांगणार आहे.

आमच्याकडे दोनशे चौदा पक्षकार होते. बहुतेक लहान माणसं, वीस वीस वर्षांची. फर्म चालू राहायला निदान एका भागीदाराची सही लागते. इर्शादभाईंची जाणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. मी बोलले तर माझीही जाणार.

"ताई, तुम्ही चोरी केलेली नाही. तुम्हाला माहीतच नव्हतं."

"काल नव्हतं माहीत."

"एक सही राहू द्या. तुमची. मी मागे बसून काम करीन, सही तुम्ही करा. नाव कुणाचं का असेना, माणसांची कामं होतील. दोघांच्या गेल्या तर पाटी काढावी लागेल, आणि हे दोनशे चौदा लोक जातील कुठे?"

ते चुकीचं बोलत नव्हते. तेच अवघड होतं. मंदिरात चातुर्मासासाठी साध्वी माताजी उतरल्या होत्या. त्यांना जाऊन विचारावं असं मनात आलं. मग लक्षात आलं की त्या काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, आणि ठाऊक असलेलं विचारायला जाणं म्हणजे वेळ काढणं. न दिलेली वस्तू घ्यायची नाही, हे व्रत मी रोज उच्चारते. ते तास मला कुणी दिलेले नव्हते. यंत्राने चुकून माझ्या पदरात टाकले होते. आणि आता त्याच चुकीच्या मापाने अडतीस हजार माणसं मोजली जाणार होती. त्यातले इर्शादभाईंसारखे किती असतील, कोण जाणे.

मी त्यांना म्हटलं, "पाटी काढायची वेळ आली तर दोघं मिळून काढू."

त्यांनी एक पेढा तोंडात टाकला. म्हणाले, "शिडीवर मी चढणार नाही. मला चक्कर येते. तुम्ही चढा."

*

डॉ. कारखानीस चाळिशीच्या, साध्या, पायात कोल्हापुरी. आल्या आल्या मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ते सौजन्याने ऐकलं, पण विश्वास ठेवला नाही. सहा वर्षांचा इतका स्वच्छ आलेख चुकीचा कसा असेल, तुम्ही विनयाने बोलताय, असं त्यांचं मत.

मी विनंती केली की कुणीच न ऐकलेलं एखादं व्याख्यान लावा, आम्हा दोघांना पट्ट्या बांधा आणि शेवटी दहा प्रश्न विचारा. त्यांच्याकडे पुढच्या आठवड्याचं व्याख्यान होतं, प्रश्नांसकट. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या माझ्या घरी आल्या. इर्शादभाईही आले. मी माझ्या आसनावर बसले, ते खुर्चीवर.

खरं सांगते, त्या दिवशी मी जीव तोडून ऐकायचा प्रयत्न केला. पहिली दोन-तीन मिनिटं ऐकलंही. मग सहा वाजून पाच मिनिटं झाली असावीत, त्यापुढचं मला आठवत नाही.

प्रश्नांची उत्तरं तपासली तेव्हा माझी मिनिटं पन्नासपैकी पन्नास होती आणि उत्तरं दहापैकी दोन बरोबर. इर्शादभाईंची मिनिटं सतरा, उत्तरं नऊ बरोबर. दहाव्याचं उत्तर त्यांनी लिहिलंच नव्हतं. प्रश्न चुकीचा आहे असं खाली लिहून कारणही दिलं होतं. डॉक्टरांनी परिषदेला फोन लावला. प्रश्न खरंच चुकीचा होता.

डॉक्टर दोन्ही आलेख पडद्यावर एकाखाली एक लावून बसल्या. मी केलेला उपमा निवून गेला तरी उठल्या नाहीत. मग इर्शादभाईंच्या आलेखावर त्यांनी बोट ठेवलं. प्रत्येक भटकण्याच्या अगदी आधी एक बारीक टोक वर उठलेलं होतं. सहा वर्षं ते यंत्राने गाळून टाकलं होतं, खरखर समजून.

त्यांनी आम्हाला समजावलं ते असं. मेंदू सतत अंदाज बांधत असतो. ऐकलेलं अंदाजाबरहुकूम निघालं तर तो नवं काही लिहून घेत नाही, गरजच काय? अंदाज चुकला, की सेकंदाचा एक तृतीयांश भाग उलटायच्या आत ही लहर उठते. हा धक्का म्हणजे शिकण्याची सुरुवात. आणि धक्का बसला की मन लगेच जुन्या ओळखीच्या गोष्टींकडे धावतं, नव्याला अडकवायला खुंटी शोधायला. म्हणून तासगावचा बेदाणावाला. म्हणून सूतगिरणी. बाहेरून ते भटकण्यासारखंच दिसतं, कारण जाळं तेच वापरलं जातं.

"आणि मगदूम मॅडम, तुमच्या आलेखात पहिल्या चार मिनिटांनंतर एकही धक्का नाही," त्या म्हणाल्या. "इतका शांत मेंदू मी आजवर पाहिला नाही. पण त्यात आत काही जात नव्हतं."

इर्शादभाई म्हणाले, "मॅडम, बाहेरही काही जात नाही त्यांच्यातून. बावीस वर्षांत मला एकदाही रागावलेल्या नाहीत."

डॉक्टर हसल्या, पण त्यांचा चेहरा उतरलेला होता. सहा वर्षांचं त्यांचं कामही त्या आलेखाखाली उघडं पडलं होतं. जाताना दारात थांबून त्या म्हणाल्या की हे परिषदेला जसंच्या तसं कळवावं लागेल, माझ्या तासांसकट. मी म्हटलं, त्यासाठीच तुम्हाला सांगितलं. त्या वाकून माझ्या पाया पडायला लागल्या. मी त्यांचे हात धरले. मला ते नको होतं, आणि उपमाही त्यांनी खाल्ला नव्हता.

*

पुढचे दोन महिने आम्ही पक्षकारांना पत्रं लिहिण्यात घालवले. जानेवारीपासून आमची सही राहील की नाही सांगता येत नाही, आपण दुसरी सोय बघितली तरी आमचा राग नाही, अशी. एकवीस जण गेले. बाकीचे येऊन बसत आणि काही झालं का विचारत. कोऱ्यांनी तेवढं विचारलं की पत्रात शुद्धलेखन कुणी तपासलं, फार छान होतं. ते इर्शादभाईंनी लिहिलेलं होतं. ते दिवसभर त्या खुशीत होते.

बावीस डिसेंबरला उत्तर आलं. नमुन्याची योजना परिषदेने स्थगित केली होती. जुने आलेख धक्क्यांसकट पुन्हा मोजले गेले आणि इर्शादभाईंचे अकरा तासांचे चौतीस झाले. माझ्या आधीच्या पाच वर्षांना त्यांनी हात लावला नव्हता, दोष यंत्राचा म्हणून. चालू वर्षाचे सगळे तास मात्र रद्द. ते जूनपर्यंत पुन्हा भरायचे आणि तोवर सही करायची नाही.

म्हणजे एक सही राहिली होती. आम्ही जी धरून बसलो होतो ती सोडून, दुसरी.

एक जानेवारीला इर्शादभाईंनी माझ्या पक्षकारांच्या कागदांवर सह्या केल्या. प्रत्येक कागद माझ्यासमोर धरत आणि विचारत, "करू का, ताई?" पंधराव्या कागदाला मी सांगितलं की आता न विचारता करा. ते म्हणाले, सहीची मजा विचारण्यातच आहे.

सामायिक मी पुन्हा सहाला आणलं. पट्टी नाही, पडदा नाही. पहिल्या दिवशी उठले तेव्हा पूर्व उजळली होती आणि मला कुठेही पोचायची घाई नव्हती.

व्याख्यानं आता दुपारी चारला, कार्यालयात, लाकडी खुर्चीवर. नव्या पट्टीवर दोन आकडे येतात: मन किती मिनिटं शांत होतं आणि अंदाज किती वेळा चुकला. तास मिळतो तो दुसऱ्या आकड्यावर. पहिले काही दिवस माझे दोन-तीन धक्के यायचे. माझी सवय मोडायला वेळ लागत होता. इर्शादभाई शेजारी बसून मला मुद्दाम डिवचत.

फेब्रुवारीतल्या एका व्याख्यानात ऐकलं की एका घरातून चालणाऱ्या लहान उद्योगांची यापुढे एकच नोंदणी होणार. पुढचं वाक्य मला ऐकूच आलं नाही. मी कुपवाडला पोचले होते. तिथे रुक्मिणी ऐवळे आणि तिची जाऊ एका घरात राहतात. पुढच्या दाराने रुक्मिणीच्या शेवया जातात, मागच्या दाराने जावेची शिलाई. दहा वर्षं दोघी एकमेकींशी बोललेल्या नाहीत. एकच नोंदणी म्हणजे एकच सही. ती करणार कोण?

"थांबवा जरा," मी म्हणाले.

इर्शादभाईंनी व्याख्यान थांबवलं. मग मी त्यांच्याशी भांडले. हो, भांडलेच. ते म्हणत होते, कलमात घर म्हणजे एक चूल. मी म्हणत होते, त्या घरात चुली दोन आहेत, मी स्वतः बघितल्या आहेत, आणि चूल हा शब्द कलमात कुठे आहे ते दाखवा. त्यांना दाखवता आलं नाही. ऊन टेबलावरून उतरलं, माझी सूर्यास्ताआधीची जेवायची वेळ जवळ आली, तेव्हा कुठे आम्ही थांबलो.

त्यांनी माझी पट्टी हातात घेऊन आकडे वाचले. "शांत मिनिटं एकोणीस. धक्के एकवीस." पट्टी त्यांनी हलकेच टेबलावर ठेवली. "ताई, तुम्ही पार वाया गेलात."

मी रुक्मिणीला फोन लावला. उद्या सकाळी येते म्हटलं, कागदाचं काम आहे, जावेलाही बसवून ठेव. ती म्हणाली की तेवढं जमायचं नाही, बाई, ती माझ्या दाराशी यायची नाही आणि मी तिच्या.

"बरं," मी म्हणाले. "मग मी दोनदा येते. एकदा पुढच्या दाराने, एकदा मागच्या."